नास्त्याच्या तळघरातली भुरी

२०१९ सालची गोष्ट. आदल्या पानगळीत कॅनडा सरकारने जाहीर केलं होतं की घरटी गांजाची चार झाडं लावायला हरकत नाही. कूटनीच्या खोऱ्यातल्या आमच्या दुखोबोर वस्तीत, म्हणजे रशियातून आलेल्या, शस्त्र, मांस आणि दारू वर्ज्य मानणाऱ्या पंथाच्या वस्तीत, ती सगळ्यात आधी लावणारी निघाली नास्त्या कोंकिन. वय सत्तरीपुढचं. जन्मात सिगारेटला हात लावलेला नाही, दारू चाखलेली नाही, मांस तर तिच्या पणजोबांच्याच काळात सुटलेलं. आणि ही बाई तळघरातल्या बटाट्याच्या खोलीत दिवे टांगून गांजा वाढवत होती!

"चाळीस वर्षांत माझ्या काकडीवर भुरी आली नाही," ती शेजारच्या रसेलला म्हणाली. "तुझ्या चार झाडांचं मला काय सांगतोस!"

हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

झाडं स्वतःसाठी नव्हती. ती होती नणंदेसाठी, लूशासाठी. लूशाच्या बोटांचे सांधे गेल्या दोन हिवाळ्यांत आल्याच्या गड्ड्यासारखे झाले होते. सारी वस्ती ज्या हातांच्या पिराही खाऊन मोठी झाली ते हे हात. पिराही म्हणजे मटार नाहीतर बटाटा भरून भट्टीत भाजलेली करंजीच म्हणा, आणि लूशाची मुरड अशी, की वर्षभर ठेवली तरी सुटणार नाही. आता तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. प्रार्थनेच्या वेळी ती हात शालीखाली लपवून बसायची, आणि नास्त्याला ते बघवायचं नाही.

त्याला कारण होतं. नास्त्या चोविशीची असताना तिच्या नवऱ्याचा, मित्याचा, लाकडाच्या गिरणीत पाय सापडला. तो अख्खा हिवाळा इस्पितळात होता, घरात दोन लहान पोरं. त्या हिवाळ्यात लूशा बर्फ तुडवत रोज यायची, ओट्यावर गरम पाव ठेवायची आणि म्हणायची, "आज चुकून पीठ जास्त मळलं गेलं." हिवाळाभर रोज चूक! उपकाराचा एक शब्द तेव्हा काढला नाही, नंतर कधी काढला नाही. मित्या बरा झाला, पुढे म्हातारा होऊन गेला, पण ते पाव नास्त्या विसरली नव्हती. आभार मानायला गेलं की लूशा विषय बदलून कोबीवर यायची.

रसेलने जेव्हा सांगितलं की ही फुलं लोण्यात कढवून ते लोणी मेणात कालवलं आणि चोळलं तर त्याच्या गुडघ्यांना उतार पडतो, तेव्हा नास्त्याने ठरवून टाकलं. मलम करायचं, झेंडूच्या पाकळ्यांचं आहे म्हणून द्यायचं. कारण लूशा खोकल्याचं औषधसुद्धा आधी हुंगून बघायची, दारू तर नाही ना! खरं कळलं असतं तर तिने बरणीला बोट लावलं नसतं.

हा रसेल अमेरिकेचा. व्हिएतनामच्या लढाईवर जायचं नाही म्हणून पोरवयात सीमा ओलांडून आला, तो इथेच राहिला. शस्त्राला हात न लावणाऱ्या आमच्या लोकांनी त्याला पहिल्या हिवाळ्यात बटाटे, सरपण आणि लूशाच्या पिराही पुरवल्या. त्या उपकाराची फेड म्हणून की काय, त्याने नास्त्याला रोपं दिली आणि वर शाळामास्तरासारखा अभ्यासही दिला. फुलं धरली की मधली मोठी पानं काढायची, झाडाच्या पोटातून वारा गेला पाहिजे. एकदम ओरबाडायचं नाही, आज थोडी, चार दिवसांनी थोडी. फुलांवर पाण्याचा थेंब पडता कामा नये. पंखा क्षणभर बंद ठेवायचा नाही. रोज पानं उलटून बघायची, पिठासारखा पांढरा ठिपका दिसला की समजायचं भुरी आली, ते पान न झटकता कापून बाहेर न्यायचं. आणि झाडांच्या रात्री दार उघडायचं नाही, उजेड लागला की ती बिथरतात.

झाडांची रात्र नास्त्याने दिवसा ठेवली होती. दिवे संध्याकाळी आपोआप लागत, सकाळी न्याहारीच्या सुमारास विझत. खिडकीतला पंखा खोलीतली हवा बाहेर फेकायचा आणि दाराखालच्या फटीतून ताजी हवा आत ओढायचा. सगळं कसं घड्याळासारखं.

मग जवळ आला पेत्रोव देन, जूनअखेरचा सण. आमच्या पूर्वजांनी रशियात आपली शस्त्रं जाळली तो दिवस. त्या दिवशी सगळी वस्ती जमते, गाते आणि जेवते, म्हणजे पिराही शेकड्यांनी लागतात. नेमकी वस्तीच्या सभागृहातली भट्टी बिघडली. बायकांनी विचार केला, मोठी भट्टी आणखी कोणाकडे आहे? नास्त्याच्या तळघरात! तिथे दुसरं स्वयंपाकघर होतं, आणि त्याच्या भिंतीला लागून बटाट्याची खोली.

नास्त्याने नाना सबबी सांगितल्या. तळघरात ओल आहे, भट्टी धूर करते, माझी कंबर धरलीय. लूशा म्हणाली, कंबर धरली असेल तर तू बस, आम्ही करतो. संपलं!

सणाच्या दोन दिवस आधी सकाळीच बारा बायका पिठाची पोती घेऊन हजर. पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांची नाकं वर झाली. फुलावर आलेल्या त्या झाडांचा वास काही लपून राहणारा नव्हता.

"नास्त्या," लूशा म्हणाली, "तुझ्या घराखाली स्कंक शिरलाय."

स्कंक म्हणजे आमच्याकडचा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा प्राणी. तो भ्याला की असा फवारा सोडतो की माणसाने घर विकायला काढावं. नास्त्याला तर देवच पावला. "हो ना, ताई," ती म्हणाली, "वसंतापासून त्रास देतोय मेला."

मग काय विचारता! कोणी म्हणालं अमोनियाच्या चिंध्या ठेव, कोणी म्हणालं रात्रभर रेडिओ लाव. लूशाने तोडगा काढला. तिच्या कोठारात नवऱ्याने केलेला लाकडी सापळा होता. प्राण्याला इजा नाही, नुसतं वरचं दार खाली पडतं, मग उचलून रानात सोडायचं. संध्याकाळी तो नास्त्याच्या पायरीपाशी लावू आणि आत मटाराची गरम पिराही ठेवू. लूशाच्या पिराहीला कोण नाही म्हणेल?

पण पिराही आता लूशाची नव्हतीच. ती टेबलापाशी बसली, एक पारी हातात घेतली, कड दुमडायला गेली. बोटांनी ऐकलं नाही. पारी सुटली, मटार टेबलावर सांडले. बायकांनी चाललेलं गाणं जरा मोठ्याने धरलं. लूशाने मटार गोळा करून वाटीत टाकले आणि म्हणाली, "मी पीठ चाळते. चाळायला कुठे बोटं लागतात?"

नास्त्या चुलीकडे तोंड करून उभी राहिली, डोळे पुसायला.

म्हणूनच मागे काय चाललंय ते तिला दिसलं नाही. भट्टीच्या धगीने लूशा घामाघूम झाली होती. बटाट्याच्या खोलीच्या दारापाशी तिला गार झुळूक लागली. तिने स्टूल तिथे ओढलं, परात दाराला लावली आणि दिवसभर तिथेच बसून पोत्यामागून पोती चाळली. "किती छान वारा आहे इथे," ती मध्ये एकदा म्हणाली. नास्त्या दमून "हो" म्हणाली.

संध्याकाळी सापळा लागला, बायका गेल्या, नास्त्या ओंडक्यासारखी झोपली.

पहाटे तिने खोलीचं दार उघडलं आणि चौकट धरून उभी राहिली. चारही झाडं पांढरी! खालपासून वरपर्यंत, पानन् पान, फुलांच्या टोकांसकट. पानं काढून नीटनेटकी विरळ केलेली फांदी आणि न केलेली फांदी, भुरीने दोघींना सारखं वागवलं होतं. चाळीस वर्षं काकडीपासून लांब राहिलेली भुरी एका रात्रीत सगळी थकबाकी वसूल करून गेली होती.

तिच्या डोळ्यांपुढे झाडं नव्हती, शालीखाली लपवलेले हात होते.

तिने रसेलला फोन केला. त्याला कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती ओरडली आणि तोही ओरडला, की काहीही करू नकोस, मी येतोय. पण घरात भुरी आली असताना स्वस्थ कोण बसेल? काकडीवर ती पाण्यात दूध घालून फवारायची. तेच केलं. फुलं ओली करू नकोस हे रसेलचं वाक्य आठवलं, पण ते काय भुरी आलेल्या झाडांना लागू असतं? तिने वरून, खालून, पोटातून, मनसोक्त फवारलं. दिवे तळपत होते, पंखा फिरत होता. थोड्या वेळाने खोलीत एक ओळखीचा वास दरवळायला लागला. तव्यावर धिरडं टाकल्यासारखा. झाडांवरचं पांढरं आता पापुद्र्यासारखं आवळत चाललं होतं.

"ही कुठली जात म्हणायची भुरीची?" नास्त्या पुटपुटली.

जिन्यात धाड धाड आवाज झाला. रसेल आला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत लाकडी पेटीत होता.

"तुझ्या पायरीवर पिराही होती," तो म्हणाला. "मला वाटलं, लूशाने माझ्यासाठी ठेवली."

"तो स्कंकचा सापळा आहे!"

"आता कळलं ते."

पेटी काढायचा प्रयत्न केला तर दार आणखी घट्ट बसलं. शेवटी त्याने ती तशीच लटकत ठेवली, मोकळ्या हाताने चष्मा नाकावर ढकलला आणि झाडापाशी वाकला. एका पानावरचा पापुद्रा नखाने खरवडला, हुंगला आणि जिभेवर ठेवला.

"नास्त्या," तो विचार करून म्हणाला, "मीठ कमी पडलंय."

"काय?"

"भुरी नाही ही. मैदा आहे. तू झाडांची पिराही करून ठेवलीस."

नास्त्याने दाराखालच्या फटीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या स्टुलाकडे. सगळा कालचा दिवस तिच्या डोळ्यांपुढून गेला. आणि तेवढ्यात वरून लूशाचा आवाज आला. ती सापळा बघायला आली होती, आणि सापळा जागेवर नव्हता. दार लावायलाही वेळ मिळाला नाही. लूशा जिना उतरून खोलीच्या तोंडाशी उभी राहिली. आधी तिने पेटीकडे पाहिलं, मग पेटीत हात अडकलेल्या रसेलकडे.

"सापडला म्हणायचा स्कंक," ती म्हणाली.

मग तिची नजर झाडांवर गेली. दिवे, पंखा, पांढरी कुरकुरीत पानं. आता ती काय बोलेल ते नास्त्याला माहीत होतं. काहीच बोलणार नाही, आणि पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही.

"कोणासाठी?" लूशाने विचारलं.

नास्त्याने पाठ केलेलं झेंडूच्या पाकळ्यांचं खोटं शोधलं. सापडलं नाही. तिने लूशाच्या हातांकडे पाहिलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"चुकून जास्त उगवलं, ताई."

लूशाचे ओठ हलले, कोबीवर जायला म्हणून. पण कोबी काही आला नाही. तिने कालचं ते स्टूल आत ओढलं, त्यावर बसली, नाक पुसलं आणि म्हणाली, "वेडी आहेस. मी पाव आणत होते तेव्हा निदान तुझ्या घरात स्कंक सोडत नव्हते."

मग जराशाने, "ओढायचं नाही, प्यायचं नाही, खायचं नाही. चोळायला कुठल्या स्तोत्रात बंदी आहे? मला तरी आठवत नाही. आणि मला सगळी स्तोत्रं पाठ आहेत. कात्री आण."

दूधमैद्याचा लेप तसाच राहिला असता तर आज नाही तर उद्या खरी बुरशी आली असती. तिघं कामाला लागली. लूशा फांद्या धरायची, नास्त्या कापायची, रसेल डाव्या हाताने परात पुढे करायचा. पानं गेली, टोकाची माखलेली फुलं गेली. शेवटी चार काटक्या उरल्या, जुन्या खराट्यांसारख्या. पण आत, पोटाशी, जिथे मैदा पोचला नव्हता, तिथे थोडी फुलं कोरडी आणि निरोगी होती. पीठ मात्र यापुढे अंगणात चाळायचं, असं लूशा म्हणाली. पेटी रसेलच्या हातातून निघाली ती लोणी लावून. आतली पिराही त्याने खाल्ली.

ऑगस्टात मलम झालं, एक लहानशी बरणी. नास्त्या रोज संध्याकाळी जाऊन लूशाच्या बोटांना चोळायची. गुण मलमाचा होता की रोजच्या चोळण्याचा, देव जाणे. लूशाला विचारलं तर ती म्हणायची, "गुण नास्त्याच्या गप्पांचा. पळून जावंसं वाटतं, म्हणून बोटं हलतात."

पुढच्या वर्षी साथीमुळे पेत्रोव देनला कोणी जमलं नाही. तिघांनीच नास्त्याच्या तळघरात पिराही केल्या. लूशाने पाच दुमडल्या. मुरड वाकडी होती आणि त्यातली एक भट्टीत उलली. रसेलने नेमकी ती उचलली. तो अजून शेजारीच राहतो, ऐकू मुळीच येत नाही, पण भट्टी पेटल्याचं त्याला कळतं. लूशा २०२३च्या हिवाळ्यात झोपेतच गेली. तिच्या नावाने झालेल्या जेवणाच्या दिवशी सगळ्या पिराह्यांची मुरड नास्त्याने घातली, आणि उरलेल्या शेजारच्या एका बाळंतिणीच्या ओट्यावर ठेवून आली, चुकून जास्त झाल्या म्हणून.

आणि नास्त्याची काकडी? त्याच २०१९च्या ऑगस्टात, मलम ढवळता ढवळता ती एकदा मागच्या परसात गेली. वेलांच्या पानांवर पांढरे ठिपके दिसले. तिने एक पान उलटून पाहिलं आणि हसून पुन्हा घरात आली.

"काही नाही," ती रसेलला म्हणाली, "मैदा असेल."

त्या वर्षी लोणच्याला काकडी बाजारातून आणावी लागली.