दहा शब्दांचे गायकवाड काका

आमच्या शेजारचे गायकवाड काका बोलायला लागले की त्यांची बोटं मिटायला लागतात. एका शब्दाला एक बोट. दहा संपली की बोलणं संपलं, मग क्रियापद बिचारं ओठावर लटकत राहिलं तरी चालेल. डॉक्टरांना ते सांगतात, "डाव्या गुडघ्यात कळ. वेग मध्यम. दिशा घोट्याकडे. सकाळपासून. पाऊस नाही." डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की वेधशाळेला फोन लावला, हे मला अजून कळलेलं नाही.

हा रोग वायरलेसचा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर काका वादळावर नजर ठेवणाऱ्या हौशी मंडळींत शिरले. रीतसर परीक्षा, रीतसर परवाना. लोअर परळच्या एका टॉवरच्या माथ्यावर, वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना पटवून, त्यांनी रिपीटर बसवला. आपल्या हातातल्या सेटचा किरटा आवाज हा डबा झेलतो आणि शहरभर फेकतो. मी डिलाईल रोडला खाकरलो तर कॉटन ग्रीनला लोक छत्र्या उघडतात, एवढी त्याची ताकद. वादळात मोबाइल मान टाकतात तेव्हा हाच बोलतो. म्हणून तो अडवायचा नाही, दहा शब्दांत आटपायचं, हा काकांचा कायदा. कुणी सलग तीन मिनिटं बोललं की डबा आपोआप गप्प होतो, ही सोयही त्यांचीच.

मलाही त्यांनी परीक्षेला बसवलं. पहिल्याच दिवशी मी कळवलं, "भयंकर ढग आलाय." काका म्हणाले, "दिसलं ते सांग. वाटलं ते नको."

संध्याकाळी ते चाळीच्या गच्चीवर असतात. समोरच्या टॉवरच्या काचांतून ढग एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर पोहत जातात आणि काका त्यांच्यामागून. अशा वेळी हाक मारली तर आधी ते कुठूनतरी परत येतात, मग ओ देतात.

त्यांची मुलगी वैशाली नागपूरला बँकेत. काकी गेल्यापासून दर रविवारी पाचला तिचा फोन. ती विचारते, "बाबा, कसे आहात?" हे सांगतात, "वारा पश्चिमेचा." स्पीकर चालू आणि भिंत पातळ, त्यामुळे मला सगळं पाठ.

परवाच्या रविवारी दुपारी कॉटन ग्रीनच्या गोदामांवर एक जांभळा ढग रेलून बसला. तिथल्या सावंतबाई काय कळवतात म्हणून आम्ही सगळे सेट कानाला लावून होतो. तेवढ्यात सेटमधून काकांचा आवाज आला. भिंतीतूनही तोच.

"वैशू, मुंबईची बदली मिळतेय तर घेऊन टाक." पाचच्या फोनची तालीम चालली होती. "छे. हुकूम वाटतो."

मग हळू आवाजात, "वैशू, तुला उद्या साहेबांना कळवायचंय. मी 'बघ तुझं' म्हणालो, ते खोटं होतं. काल एक ढग दिसला, तुझ्या लहानपणीच्या झालरीच्या फ्रॉकसारखा. असलं रेडिओवर कळवता येत नाही. मग कुणाला सांगू? ये ना गं, पोरी."

पोरगी ऐकत नव्हती. अख्खं गिरणगाव ऐकत होतं. काकांनी तिसऱ्यांदा "वैशू" म्हटलं आणि तीन मिनिटं भरली. डबा गप्प झाला.

मी धावलो. टेबलावर माईकवर काकांची ढगांच्या नोंदींची जाडजूड वही पडली होती आणि बोलायचं बटण दबलेलं होतं. मी वही उचलली. काका माईककडे बघत राहिले.

"किती ऐकलंस?"

"काही नाही. नुसती खरखर."

एवढं छोटं खोटं मी जन्मात बोललो नव्हतो.

सेट जागा झाला. सावंतबाई. "गायकवाडांनू, ढग दर्याकडे सरकलो. आनी चेडवाक, वैशूक, दुसऱ्या खेपेक बोललात ना, तसाच सांगा."

काका खुर्चीत बसले. पाचला फोन वाजला तेव्हा मी दार ओढून घेऊन घरी आलो आणि भिंतीपासून लांब जाऊन बसलो. म्हणजे, दोन पावलं लांब.

"बाबा, कसे आहात?"

काका म्हणाले, "वैशू, आज हवामान राहू दे."