अंतरानुसार सूट

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस जयपूरच्या प्रताप नगरमधल्या बऱ्हाटेकाकांच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं, की काका त्याला कोणता पार्ट हवा ते विचारत नाहीत. आधी गाव विचारतात.

"दिवाली पे गाँव जाओगे? कितने किलोमीटर?"

गिऱ्हाईक बिचारं हॉर्न बदलायला आलेलं असतं. ते गोंधळतं. मग काका शांतपणे मागच्या पाटीकडे बोट दाखवतात. गाडीनं गावी जाणाऱ्याला दर शंभर किलोमीटरमागे एक टक्का सूट. घरी बसणाऱ्याला काही नाही. एकदा एकानं मोठ्या आशेनं 'बस्सी' सांगितलं. बस्सी इथून पंचवीस-तीस किलोमीटर. काका म्हणाले, "इतने के लिए गाडी क्यों निकालते हो? टहलते हुए चले जाओ." तो माणूस तडक शेजारच्या दुकानात गेला.

शेजारची दुकानं म्हणजे काकांचा आवडता विषय. मोटारीच्या सुट्या भागांचा धंदा दिवाळीत उजळतो, कारण प्रत्येकाला लांब जायचं असतं आणि गाडीची आठवण त्याला आदल्या आठवड्यात होते. मग सगळीकडे चाळीस टक्के, पन्नास टक्के असे फलक लागतात. काका चहाचा घोट घेऊन मला समजावतात, "शंभराचे आधी दीडशे करायचे, मग तीस टक्के सूट द्यायची. झाले एकशेपाच. गिऱ्हाईक पाच रुपये जास्त देऊन नाचत घरी जातं. मतलब, नाचायचे पाच रुपये."

काका मूळचे भुसावळचे. वडील रेल्वेत होते, त्यांच्या बदलीबरोबर जयपूरला आले आणि इथलेच झाले. लग्न केलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत राहतात, वरणभात स्वतः लावतात. मी नगर जिल्ह्यातला, रेल्वेच्या सिग्नल खात्यात. इथे मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून मी त्यांच्याकडे जायला लागलो, असं मी सर्वांना सांगतो. खरं कारण त्यांच्याकडचा माल अस्सल असतो हे आहे.

या दिवाळीच्या तोंडावर माझ्या जुन्या गाडीची बॅटरी बसली आणि ब्रेक पॅडही संपले. दोन्हींचा आकडा ऐकून माझ्या मनात पाप आलं. माझी सासुरवाडी भुसावळची. जाणार नव्हतोच, कारण आठशे किलोमीटर गाडी हाकून चार दिवस जावईपण भोगायला मला आवडत नाही. पण तोंडातून निघून गेलं, "काका, यंदा भुसावळला चाललोय."

काकांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"गाडीनं?"

"गाडीनं."

थापाड्यांची काका परीक्षा घेतात. "इंदूरनंतर घाट कोणता?"

"सिमरोलचा," मी फाडकन सांगितलं. आमची ही दर वेळी त्याच घाटात ओकते, त्यामुळे ते नाव मला झोपेतही येतं.

आठ टक्के सूट मिळाली. मी बिल खिशात घालतोय तोवर काका मागच्या खोलीत गेले आणि कापडात बांधलेलं एक बोचकं घेऊन आले. आत लाल बांधणीची साडी होती आणि मावा कचोरीचा डबा.

"जामनेर रोडला माझी बहीण राहते, कमल. भाऊबीजेच्या दिवशीच द्या, भाऊ. आदल्या दिवशी नको. आणि तिथं बसा थोडा वेळ."

त्यांचा चेहरा इतका उजळला होता, की खरं सांगायला माझी जीभच उचलली नाही. बोचकं घेऊन घरी आलो. कुरिअरनं पाठवावं असं ठरवत होतो, पण बायकोनं बिल आणि बोचकं दोन्ही पाहिलं. तिला सगळं सांगावं लागलं. ती पाच मिनिटं हसली आणि बॅग भरायला लागली.

"आठ टक्क्यांसाठी आठशे किलोमीटर!" ती म्हणाली. "तुमच्या कंजूषपणातून मला पहिल्यांदा माहेर मिळालं."

ती सिमरोलला ओकली. भाऊबीजेच्या सकाळी मी जामनेर रोडला कमलताईंचं घर शोधून काढलं. दारात रांगोळी होती, आत पाट मांडलेला होता. जयपूरहून आलो म्हटल्यावर पन्नाशीच्या त्या बाईंनी मला थेट पाटावर बसवलं आणि डोक्यावर टोपी ठेवली.

"अहो, मी फक्त बोचकं द्यायला..."

"बसा हो भाऊ. दादानं पाठवलेला माणूस म्हणजे दादाच. मागच्या साली एक सरदारजी आले होते, ट्रक घेऊन. त्यांना टोपीची गरज नव्हती. त्याच्या आधी एक फौजी, राजस्थानी. मोठाल्या मिशांचा! ओवाळताना तो माझ्यापेक्षा जास्त लाजला."

निरांजन माझ्या तोंडाभोवती फिरत होतं आणि मला हळूहळू उमगत होतं. ती पाटी गिऱ्हाइकांसाठी नव्हतीच. या बाजूला येणारा एखादा माणूस सापडावा म्हणून काका साऱ्या जगाला गाव विचारत बसत होते.

"कुरिअरनं का नाही पाठवत?" मी विचारलं.

"ओवाळायला माणूस लागतो ना, भाऊ."

मग स्वतः का येत नाहीत, हा प्रश्न माझ्या तोंडावर दिसला असावा. चहा ठेवता ठेवता ताईंनीच सांगितलं. त्यांचे यजमान टॅक्सी चालवायचे. काकांनी दुकान घातलं त्या पहिल्या दिवाळीला ते मुद्दाम जयपूरला गेले आणि क्लचचा सेट घेतला. दुकानाबाहेर फलक होता, सर्वांना वीस टक्के सूट. यांच्या बिलावर सूट लिहायच्या रकान्यात शून्य.

"घरच्या माणसाला सूट काय द्यायची, म्हणून दादानं खरेदीच्या भावात दिला होता. वीस टक्क्यांच्या किती तरी खाली. पण तोंडानं सांगेल तर शपथ! हे तिथंच भडकले. माझा उंबरा पुन्हा ओलांडू नको म्हणाले. दोन वर्षांनी जळगावात तोच सेट घेताना ह्यांना भाव कळला. मंग काय? तेही बोलले नाहीत. दोघंही एका माळेचे मणी."

यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली होती. काका दहाव्याला आले होते, अंगणात उभे राहिले आणि तिथूनच परत गेले. पाणीही अंगणातच प्यायले. "मेलेल्या माणसाचा शब्द मोडवत नाही म्हणे," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले, तरी त्या हसत होत्या. "मी बाहेर बोलायला जावं, तर मागं सगळी भावकी बसलेली. फोनवर विषय काढला, की हा फोन ठेवतो. तुम्ही तोंडावर सांगा, भाऊ. म्हणावं, उंबरा आता माझा आहे."

जयपूरला परतलो त्याच दुपारी दुकानात गेलो. दिवाळी सरली होती आणि बाजार थंड होता. काका फिल्टरचे खोके लावत होते. "बसला होता का थोडा वेळ?" त्यांनी विचारलं. मी आधी माझी थाप कबूल केली. त्यांनी ती हातानंच उडवून लावली.

मग मी निरोप सांगितला.

काका खोके लावत राहिले. दोन लावली, तिसरं उलटं लावलं. "काय म्हणाली? परत सांगा."

मी परत सांगितलं.

"असंच म्हणाली? माझा आहे म्हणाली?"

"अगदी असंच."

त्यांनी हात पुसले आणि फोन लावला. पलीकडे घंटी वाजत असताना ते मान ताठ करून उभे होते, इन्स्पेक्शनला उभं राहावं तसे. फोन उचलला गेला.

"कमळे," काका म्हणाले. माझ्यासमोर रडायची त्यांना लाज वाटत होती आणि रडू तर आलेलंच होतं. त्यांनी फोन माझ्या हातात कोंबला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"दादा? हॅलो? दादा, बोल ना!"

"ताई," मी म्हणालो, "ते येताहेत."