बाकी एक्केचाळीस

गणिताच्या बाई आठवडाभर रजेवर गेल्या आणि चौथीचा तास कवायतीच्या सरांच्या गळ्यात पडला. सरांचं आणि गणिताचं लहानपणापासून विळ्याभोपळ्याचं सख्य. पण नोकरी अजून कायम व्हायची होती आणि ती ठेवायची की नाही, हे मुख्याध्यापिका महिनाअखेरीला ठरवणार होत्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

सकाळी चहा गाळता गाळता बायकोने त्यांना भागाकार समजावला. "बाकी भाजकापेक्षा लहान असते. एवढं एक धरून ठेवा, बाकी सगळं जमेल."

"ही बाकी कुठली?" सरांनी विचारलं. बायकोने कप पुढे सरकवला.

फळ्यासमोर उभं राहताच सरांना पळून जावंसं वाटलं. मैदानावर मात्र ते कुणाला भीत नसत. त्यांनी वर्गातली एक्केचाळीसच्या एक्केचाळीस मुलं मैदानावर नेली आणि शिट्टी वाजवली.

"सहा-सहाच्या रांगा करा."

सहा रांगा झाल्या, पाच जण उरले.

"हे पाच म्हणजे बाकी," सर म्हणाले. "बाकीने झाडाखाली बसायचं. रांगेतल्यांनी वीस उड्या मारायच्या."

छत्तीस मुलं उन्हात उड्या मारू लागली. सावलीतले पाच जण आधी पोटभर पाणी प्यायले आणि मग पकडापकडी खेळू लागले.

"सर, आता सातने भागा ना," रांगेतून आवाज आला.

सातने भागल्यावर सहा उरले. आठने भागायला कुणी तयार होईना, कारण एकच उरत होता. पाढ्यांचं नाव काढलं की ज्यांच्या पोटात दुखायचं, तीही मुलं बोटांवर हिशेब करत होती. सरांना स्वतःचं कौतुक वाटलं.

वर्गात एक मुलगी होती. उत्तर देण्याआधी ती प्रश्नच चुकीचा असल्याचं सिद्ध करी, म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणत. ती थोडा वेळ पुटपुटली आणि म्हणाली, "एकवीस, सर."

एकवीस जणांची एक रांग झाली, वीस जण सावलीत गेले. वकीलबाई नेमकी रांगेत अडकली. पाच उड्या मारून ती थांबली.

"सर, बेचाळीसने भागा."

"अगं, बेचाळीस जण आहेत कुठे आपण?"

"नाहीच आहोत. म्हणून रांगच होत नाही. भागाकार शून्य, बाकी एक्केचाळीस."

सरांना बायकोचं वाक्य आठवलं. एक्केचाळीस हे बेचाळीसपेक्षा लहान होतं. त्यांनी मान हलवली आणि उरलासुरला वर्ग सावलीत पळाला.

गोंगाट ऐकून मुख्याध्यापिका आल्या, तेव्हा उन्हात एकटे सर उभे होते.

"कसला तास चाललाय?"

"गणिताचा, मॅडम."

"आणि मुलं?"

"बाकीत आहेत."

मुख्याध्यापिकांचा चेहरा पाहून सरांनी मनातल्या मनात नवी नोकरी शोधायला घेतली. वकीलबाईने सगळा हिशेब मांडून दाखवला. तो बरोबर निघाला, त्यामुळे मुख्याध्यापिका जास्तच चिडल्या.

"हे असलं गणित काय कामाचं? समजा, एक्केचाळीस मुलं सहलीला निघाली. एका बसमध्ये पन्नास जागा. किती बस लागतील?"

"शून्य," वर्ग एका सुरात म्हणाला.

"आणि मुलं?"

"उरली. घरी बसली."

"अरे, उरलेल्यांना कुणी टाकून जातं का? एक बस लागेल. अख्खी एक बस."

झाडाखालचे सगळे पुढे सरकले.

"कधी, मॅडम?" वकीलबाईने विचारलं.

"कधी म्हणजे?"

"तुम्हीच म्हणालात. अख्खी बस. कुणाला टाकून जायचं नाही."

मुख्याध्यापिकांनी सरांकडे पाहिलं. सर शिट्टीच्या दोरीची गाठ सोडवण्यात गुंतले होते. एक्केचाळीस साक्षीदार टक लावून बघत होते.

"पुढच्या महिन्यात," त्या शेवटी म्हणाल्या.

दुपारी शिपाई सरांना चिठ्ठी देऊन गेला. 'सहलीची सर्व जबाबदारी तुमची. उद्यापासून चौथीला फक्त बेरीज शिकवावी.'

सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. सहल पुढच्या महिन्यात, म्हणजे पुढच्या महिन्यातही आपण इथेच. एवढा हिशेब त्यांना कुणाच्याही मदतीशिवाय जमला.