हिल्डूरताईंची गाडी

हिल्डूरताई येण्याच्या दिवशी सकाळी आयनो त्यांच्या गाडीकडे बघत उभा होता आणि त्याला घाम फुटला होता. बाहेर उत्तर अमेरिकेतल्या डुलूथ गावची थंडी हाडं फोडत होती, तरीही.

हिल्डूरताई म्हणजे आयनोची थोरली मेव्हणी. हिवाळ्याचे तीन महिने उबदार ॲरिझोनात काढायच्या आणि आपली निळी गाडी आयनोच्या गॅरेजात ठेवून जायच्या. "रस्त्यावर काढायची नाही," एवढीच अट. आयनोने ती काढली. गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला चांगली पंधरा वेळा नेली. आता बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने ती खिडक्यांपर्यंत खारवलेल्या माशासारखी पांढरी झाली होती.

"दुपारी चारला विमानतळावर जायचंय," बायको मार्लिस म्हणाली. "ताईने हे पाहिलं तर मी तुला ओळखत नाही!"

"धुलाई केंद्रावर चाळीस गाड्यांची रांग आहे गं!"

"मग घरी धू!"

आयनोने फडकं उचललं. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा ऑर्व्हिल ओरडला, "अरे थांब! सुकं मीठ घासलंस तर रंगावर ओरखडे उठतील. आधी नुसतं पाणी मार. खालून सुरुवात कर, चाकांच्या आतून. पाणी कोमट घे, उकळतं ओतलंस तर काच तडकेल. आणि लगेच दारांच्या रबरी पट्ट्या कोरड्या कर. सगळ्या!"

"कळतं रे मला," आयनो म्हणाला. म्हणजे कळत नव्हतं.

त्याने गॅरेजसमोरच्या उतारावर, तोंड रस्त्याकडे करून गाडी उभी केली आणि बावीस बादल्या ओतल्या. मीठ ओघळलं, चिखल सुटला, निळा रंग असा उजळला की आयनो शीळ घालू लागला. मागचं, डिकीचं दार त्याने मन लावून पुसलं. मग बोटं बधिर झाली. उरलेली चार दारं "वाळतील" म्हणून तशीच सोडून तो कॉफी प्यायला आत गेला.

परत आला तर चारही दारं गोठून चिकटलेली. ओढलं, विनवलं, शिव्या घातल्या.

"मागून आत शीर आणि हीटर लाव!" ऑर्व्हिल म्हणाला. एव्हाना तो खुर्ची घेऊन बसला होता.

आयनो मागच्या दारातून शिरला आणि पोटावर सरपटत निघाला. मागच्या आसनावरून तो पुढे झेपावला, तशी गाडी हलली. बावीस बादल्यांचं पाणी उतारावर काचेसारखं गोठलं होतं. ब्रेक ओढलेला होता, पण बर्फाला त्याची काही माहिती नव्हती. गाडी निघाली. आवाज नाही, घाई नाही, एखाद्या हंसिणीसारखी.

"आयनो, कुठे चाललास?" मार्लिस दारातून किंचाळली.

"मला काय माहीत!"

गाडीने रस्ता ओलांडला आणि समोरच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात अलगद नाक खुपसलं. त्याच क्षणी मागे टॅक्सी थांबली. विमान लवकर आलं होतं. लोकरीचा लांब कोट घातलेल्या हिल्डूरताई उतरल्या. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि मागच्या उघड्या दारातून आत डोकावल्या. आसनांच्या मधोमध उलट्या अडकलेल्या आयनोचे त्यांना फक्त बूट दिसले.

"आयनो?"

"या ताई," बूट म्हणाले. "प्रवास बरा झाला?"

ताईंनी हातमोज्याचं एक बोट दारावरून फिरवलं. बोट स्वच्छ. त्यांचा चेहरा हलला. आयनोला वाटलं, आता रडतात की मारतात. पण त्या खदाखदा हसायला लागल्या, इतक्या की टॅक्सीवाल्याने त्यांना धरलं.

"तीन महिने, आयनो! तीन महिने नुसतं ऊन आणि पत्ते. एक माणूससुद्धा कशात अडकला नाही! सरक पुढे."

आणि कोट सावरत त्यासुद्धा मागच्या दारातून आत शिरल्या. आयनो कसाबसा स्टिअरिंगपर्यंत पोचला, आणि मार्लिस आणि ऑर्व्हिलने ढकलून गाडी ढिगाऱ्यातून काढली.

"मला तळं बघायचंय. चल," ताई म्हणाल्या.

वळणावर त्यांच्यापुढे नगरपालिकेचा रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक आला. मागची चकती गरगर फिरत होती आणि मिठाचे खडे चौफेर उडत होते. आयनो गाडी त्याच्या पुढे काढायला बघू लागला.

"अंहं," ताईंनी त्याचा खांदा धरला. "रस्ता निसरडा आहे. त्याच्या मागे मागेच राहा. अगदी जवळ."

आयनोने मान डोलावली. निळ्या टपावर खडे ताडताड वाजू लागले.