वीरभद्रप्पांची बदली

आमचे शेजारी वीरभद्रप्पा यांच्या भाचीचे लग्न अक्कलकोटला लागले, तेव्हा नवरीच्या पाठीमागे मामा म्हणून एक सहा फूट उंचीचे डच गृहस्थ फेटा बांधून उभे होते. खरे मामा त्या वेळी हॉलंडमध्ये, त्याच गृहस्थांच्या घरी, कुंड्यांना पाणी घालीत होते.

परकायाप्रवेशाविषयी मी ग्रंथांत वाचले आहे. परगृहप्रवेश मात्र मला वीरभद्रप्पांमुळेच कळला. संगणकावर अशी एक मंडळी असते म्हणे. आपण त्यांच्या घरी महिनाभर राहावे, त्यांनी आपल्या घरी राहावे आणि परस्परांची रीतभात आतून जाणून घ्यावी, एवढाच हेतू. वीरभद्रप्पांनी तो फार मनावर घेतला. त्यांचे आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात गेले. तेथे गैरहजर कामगाराच्या मागावर जो उभा राहतो, त्याला बदली म्हणतात. आणि बदलीवाल्याने माग थांबू द्यायचा नसतो.

"नुसतं ऱ्हायला जायचं असंल तर लॉज हाय की," ते म्हणत. "मी बदली हाय, गुरुजी. त्याचं काम मी करनार, माजं त्यानं."

त्यानुसार हॉलंडमध्ये त्यांनी यजमानांची गायकवृंदातील जागा रिकामी राहू दिली नाही. दर मंगळवारी ते प्रार्थनामंदिरात ओळीत उभे राहत आणि सूर ठाऊक नसल्याने केवळ ओठ हलवीत. शेजारची वृद्धा निवर्तली, तेव्हा खांदाही दिला. इकडे हेंड्रिक नावाच्या त्या पाहुण्यांसाठी, ज्यांना आमची सारी गल्ली हेंद्रप्पा म्हणू लागली होती, कामांची एक वही लिहून ठेवलेली होती; गल्लीतली मुले ती त्यांना इंग्रजीत समजावून देत. सोमवारी सिद्धरामेश्वराचे दर्शन. सायंकाळी माझ्या पुराणाला श्रोता म्हणून उपस्थिती. वीरभद्रप्पा पुराणात डुलक्या घेतात. तेही वहीत नमूद होते, आणि हेंद्रप्पांनी तेही निष्ठेने पार पाडले.

वहीतल्या एका कामाविषयी मात्र जाण्यापूर्वी वीरभद्रप्पा माझ्याकडे आले होते. त्यांचा धाकटा भाऊ मल्लिनाथ नवी पेठेत, पायी दहा मिनिटांवर राहतो. आई गेली त्या दिवशी चार पाहुण्यांसमोर ते त्याला "तू कोन इचारनार?" असे बोलून गेले, आणि त्याच तिरीमिरीत त्याच्या घरात पाऊल न ठेवण्याची शपथ घेऊन बसले. नऊ वर्षे त्यांना ते बोलणे सलत होते. पण शपथ आईच्या नावाने घेतलेली होती.

"गुरुजी, माजा बदलीवाला तितं गेला, तर शपत मोडती का?"

मी विचार करून सांगितले, "प्रतिनिधीने केलेल्या कर्माचे फळ यजमानाला मिळते."

"आन् पाप?"

"तेही."

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीत लिहिले : रविवारी भावाकडे जाणे.

वाट दाखवण्यासाठी मी हेंद्रप्पांबरोबर गेलो. हे कोण आणि कोणाच्या जागी आले आहेत, हे मल्लिनाथाला समजावून सांगितले. त्याने पाहुण्यांना आपादमस्तक न्याहाळले. मग एकाएकी उसळला.

"नऊ वर्सं! दहा मिन्टाच्या वाटंला नऊ वर्सं लागली तुला?"

हेंद्रप्पांना मराठीतील एकच शब्द येत होता.

"व्हय," ते म्हणाले.

"माजी बायकू दवाखान्यात हुती, तवा कळलं हुतं का तुला?"

"व्हय."

"कळून आला न्हाईस! चुकलं का तुजं?"

"व्हय," हेंद्रप्पा अत्यंत गंभीरपणे म्हणाले.

धोतराच्या सोग्याने मल्लिनाथाने डोळे पुसले आणि आत वळून म्हणाला, "ताट वाढा गं. अण्णा जेवून जाईल."

महिना संपला, हेंद्रप्पा स्वदेशी गेले, वीरभद्रप्पा परत आले. मी सारे जसेच्या तसे कथन केले. हॉलंडची हकीकत सांगायला ते आले होते, ती राहूनच गेली.

"काय वाढलं हुतं?"

"कडक भाकरी, शेंगांची चटणी, वांगे."

"जेवला?"

"पोटभर."

"म्हंजे शपत मोडलीच म्हना."

"मोडली."

"मोडलेली पुन्ना मोडत न्हाय न्हवं?"

"नाही."

त्यांनी चपला घातल्या, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि माघारी आले. "तुमी चला की संगट."

मल्लिनाथाच्या दारापाशी त्यांनी मला पुढे होण्याची खूण केली. मी काठीचे टोक न्याहाळीत उभा राहिलो. बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच कडी वाजवली.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

वीरभद्रप्पांनी घसा खाकरला. ओठ नुसतेच हलले. मग म्हणाले, "हेंद्रप्पा."

"ढकल की अण्णा," मल्लिनाथ म्हणाला, "उगडंच हाय."