कोपर, अंगठा आणि मॅडमबाई

आमच्या शेजारच्या मॅडमबाईच्या घरात कुणालाही एका दमात शिरता येत नसे. उंबरा ओलांडून दोन पावलं टाकली, की समोरच्या वेताच्या खुर्चीतून हुकूम सुटे, "अजून एक डाव, गा." डाव म्हणजे आमच्या वऱ्हाडी बोलीत खेप. मग आलेल्या माणसाने मुकाट बाहेर जायचं, दार ओढून घ्यायचं आणि पुन्हा आत यायचं. पहिल्या येण्यात बाईला कधीच राम दिसला नाही.

दूधवाल्याला तिने पहिल्याच दिवशी चार वेळा परत पाठवलं. "हातात दूध आहे, मनात काहून काही नाही? मनात काही घेऊन ये," म्हणाली. तो हिंगण्याचा साधा माणूस. पाचव्या खेपेला तो मनात आटलेली म्हैस घेऊन आला, तेव्हा बाईने माप पुढे केलं. पुढे बारा वर्षं तो बिचारा आमच्या आळीत रोज सकाळी दुःखी चेहऱ्याने दूध घालत होता. एकदा बाईला सणकून ताप भरला. डॉक्टरांना तिने तीनदा आत यायला लावलं, तोवर ताप आपोआप उतरला. आणि एका पावसाळ्यात मोरीतून धामण शिरली. आमच्या धरमपेठेत अजून शपथेवर सांगणारे लोक आहेत, की बाईने तिलाही परत पाठवलं आणि दुसऱ्या खेपेला धामण जास्त चांगली आली. मी तिथे नव्हतो. पण बाहेर पडलेली धामण मी पाहिली. अपमान झालेला जीव लगेच ओळखू येतो.

बाईचं खरं नाव विनिफ्रेड हॉबडे. विलायतेत ती सिनेमातली नटी होती, असं तीच सांगे. पुरावा म्हणून भिंतीवर एक फोटो होता आणि त्यात ती मेलेली होती. चौदा सिनेमांत कामं केली, त्यांतल्या अकरांत मेली. तळ्यात बुडून मेली, सरबतातल्या विषाने मेली, जिन्यावरून गडगडून मेली, एकदा तर नुसतं पत्र वाचून मेली. पस्तिशी उलटल्यावर तिला आईच्या भूमिका मिळू लागल्या, तर त्या आयाही पहिल्या अर्ध्या तासात आटोपायच्या. शेवटी बाई वैतागली आणि कॅमेऱ्याच्या पुढून उठून मागे गेली. स्वतःच सिनेमे काढू लागली. राजाराणीचे नव्हेत. मेंढ्या कशा धुतात, बसमधली कंडक्टरीण दिवसभर काय करते, कोळी जाळी कशी विणतात. आता तुम्हीच सांगा, मेंढीची अंघोळ बघायला तिकीट काढून कोण जाईल? विलायतेतसुद्धा कुणी गेलं नाही.

साठ-एकसष्टच्या सुमारास ती कुठल्याशा गोऱ्या मंडळींबरोबर आमच्याकडच्या जंगलांचं चित्रण करायला आली. मंडळी परत गेली, बाई राहिली. का राहिलात म्हणून विचारलं तर म्हणे, "उजेड चांगला आहे." नागपूरच्या मे महिन्यातल्या उजेडाला चांगला म्हणणारा प्राणी मी जन्मात एकच पाहिला.

मराठी ती शिकली स्वयंपाक करणाऱ्या सरजाकडून. सरजा काटोलकडची. त्यामुळे कलेक्टरापासून कोळसेवाल्यापर्यंत सगळ्यांना बाई 'गा' म्हणे, म्हणजे सरळ अरे-तुरेच करे. कचेरीतले मोठे साहेब एकदा गाडीतून उतरले, तर तिने दारातूनच सांगितलं, "बूट काढून ये गा साहेब, सरजानं सारवून ठेवलं आहे." अंगात खाकी पॅन्ट, वर पुरुषी सदरा, डोक्यावर गवती टोपी. त्या टोपीचा एक घास शेळीने खाल्लेला होता. खिशात सदैव आगपेटीचं रिकामं टरफल. आतला खण काढलेला, नुसती चौकट. कुठेही असो, ती टरफल डोळ्याला लावून माणसांकडे बघे. माझ्या मेहुणीच्या लग्नात तिने त्यातून नवरदेवाला इतका वेळ न्याहाळलं, की त्याने मंगलाष्टकं चालू असताना आमच्या सौभाग्यवतीला हळूच विचारलं, आपल्यात काही खोट दिसते आहे काय.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण बाईने माझ्या वाटेला जायला नको होतं.

अडुसष्टच्या आसपास तिला एका सरकारी खात्याकडून संत्र्यावर माहितीपट करायचं काम मिळालं. झाडापासून गिऱ्हाइकाच्या तोंडापर्यंत. झाडं मिळाली, टोपल्या मिळाल्या, तोंड मिळेना. एका रविवारी बाई आमच्या अंगणात आली, टरफलातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, तुले संत्रं खाता येते?" मी कचेरीतला हेड क्लार्क. गणेशोत्सवात तीन वर्षं शिवाजी केलेला माणूस. मी म्हटलं, बाई, संत्रं खायला काय कला लागते?

लागते म्हणे. एकोणीस वेळा खाल्लं मी ते संत्रं. म्हणजे एकोणीस संत्री. चार दिवस माझ्या घामाला संत्र्याचा वास येत होता आणि कचेरीत माझ्या टेबलावर मधमाश्या बसत होत्या. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या मशीनमागून बाईचा आवाज, "अजून एक डाव, गा." मशीन चालवायला आमच्याच आळीतला गणपत होता. हा प्रचाराच्या गाडीवर खेडोपाडी सिनेमे दाखवत फिरे, म्हणून बाईने त्याला धरला होता. तो मशीनमागे दात काढी. बारावं संत्रं झाल्यावर बाई म्हणाली, "भाऊ, तू संत्रं खाऊन नाही राहिला. संत्र्याले घाबरवून राहिला."

दुपारच्या सुट्टीत तिखटजाळ रश्श्याचे तर्रीपोहे आले. बाई ते रडत रडत खाई आणि नाक पुसत आणखी मागे. खाता खाता तिने एक गोष्ट सांगितली. बावीस वर्षांची असताना तिला पहिलं मोठं काम मिळालं होतं. बारा आठवडे राबली. पहिल्या खेळाला गावाकडून आई आली, नवी टोपी घालून. दोघी बसल्या. आणि सिनेमात बाईचं राहिलं होतं फक्त कोपर. कुणीतरी चहाचा ट्रे आत आणतं, त्या ट्रेला लागलेलं कोपर. बाकी सगळं कापलेलं. कापलेल्या फिती कुठे आहेत म्हणून ती दुसऱ्या दिवशी विचारायला गेली, तर म्हणे केरात टाकल्या. आई घरी जाताना एवढंच म्हणाली, कोपर छान दिसत होतं हो.

मी इतका हसलो, की पोहे नाकात गेले. बाईही हसली. मग टोपी ठाकठीक करून म्हणाली, चला.

फिल्म कापायचं काम ती घरातच करे. मागच्या खोलीत दोरीवर शेवया वाळत घालाव्यात तशा फिती लोंबत असत, खाली स्वच्छ चादरीचा झोळ. मी रोज खिडकीतून डोकावून, त्यात मी कुठे लोंबतो आहे ते बघायचा प्रयत्न करी.

त्या काळी मुख्य खेळाच्या आधी असले माहितीपट दाखवत. सीताबर्डीवरच्या एका थेटरात आमचा लागला, तेव्हा मी सगळं गणगोत गोळा केलं. अमरावतीहून सासूबाईंना आणलं. कचेरीचा अर्धा विभाग आला. सबंध बाल्कनी आमची. मी मधोमध, इस्त्रीचा कोट घालून. दिवे मालवले. झाडं आली. टोपल्या आल्या. बैलबंड्या आल्या, लिलाव झाला. मग पडदाभर एक संत्रं आलं आणि त्याच्या सालीत घुसला एक अंगठा.

अंगठा माझा होता. दोन फोडी सुट्या झाल्या आणि 'समाप्त' अशी पाटी लागली.

मग सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापूंचा अंगठा मात्र लगेच ओळखू आला बरं का."

कचेरीत पुढची दोन वर्षं माझी सही कुणी मागितली नाही, सगळे शाईचं पॅड पुढे करत. खेळाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी बाईच्या दारात गेलो. आत आलो. ती खुर्चीत होती. त्या दिवशी मात्र 'अजून एक डाव' म्हणाली नाही. मी म्हटलं, तुमच्या कोपराचा सूड माझ्या अंगठ्यावर उगवलात. भरल्या बाल्कनीत माझी शोभा केलीत. तिने सरकारी साहेबाचं नाव पुढे केलं नाही, फिल्म फार लांब झाली म्हणाली नाही. शेवटी फक्त एवढंच बोलली, "भाऊ, कापलेलं माझ्यापाशी आहे. फेकलं नाही."

"मग लोणचं घाला त्याचं," असं म्हणून मी जो बाहेर पडलो, तो नऊ वर्षं त्या उंबऱ्यावर गेलो नाही.

नऊ वर्षं मी बाईवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. वर सांगितलेली धामण त्याच काळात आली, म्हणजे मी आणली. आमच्या कुंपणावरून ती हाक मारी, "भाऊ, ठीक आहे ना गा?" आणि मी जास्वंदीशी बोलायला लागे. हळूहळू तिच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं. टरफल खिशातच राहू लागलं. मशीन विकलं. मग विलायतेहून भाचीचं पत्र आलं आणि सरजाने आमच्या घरी येऊन सांगितलं, "मॅडमबाई चालल्या. मले म्हणते, भाऊले भेटून जातो."

निघायच्या दिवशी सकाळी नऊला फाटक वाजलं. खिडकीतून मला शेळीने खाल्लेली टोपी दिसली. मी टॉवेल उचलला आणि न्हाणीघरात शिरलो. शिवाजी केलेला माणूस मी, तासभर अंघोळ करत होतो. बंब विझला, पाणी संपलं, तरी रिकामा तांब्या बादलीवर वाजवत बसलो. बाहेर कपबश्यांचा आवाज आला. मग बराच वेळ कसलाच आला नाही. मग फाटक वाजलं.

बाहेर आलो तर सौभाग्यवती टेबलाशी उभी. समोर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा.

"काहून लपले जी?" ती म्हणाली. "दोन कप चहा घेतला त्यांनी. सारखं न्हाणीघराच्या दाराकडे बघून राहिल्या होत्या. म्हणाल्या, येईल तो. मनात काही घेऊन येईल."

डबा मी माळ्यावर टाकला. वर्षभराने सरजा दारात आली आणि उंबऱ्यावरच बसली. भाचीचं पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं होतं तिने. मॅडमबाई गेली होती. सरजा म्हणाली, "लय वेळा मेली म्हणे ते सिनेमात. मले वाटे, हे बाई आता खरोखरची काय मरते."

त्या दुपारी मी माळ्यावर चढलो. डब्यावर पट्टी चिकटवलेली, त्यावर बाईच्या हातची वेडीवाकडी मराठी अक्षरं: 'शेजारचा भाऊ. एकोणीस डाव. फेकू नये.' आत फितीची गुंडाळी, मलमलीत बांधलेली.

गणपतला बोलावलं. त्याने कुठूनसं सिनेमा दाखवायचं मशीन आणलं. भर दुपारी खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि भिंतीवर चादर ताणली. मी, सौभाग्यवती आणि सरजा खाली सतरंजीवर. मशीन खडखडलं आणि चादरीवर मी आलो. दहा वर्षांनी तरुण, काळ्या केसांवर टोपी, हातात संत्रं. आणि खोटं कशाला बोलू, भयानक होतो. डोळे असे वटारले होते, जणू संत्रं अफझलखानाने पाठवलं आहे. एकामागून एक अठरा वेळा मी त्या गरीब फळावर तुटून पडलो. सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हसत होती. गणपत मागे दात काढत होता. बाईने मला कापलं, ते माझी अब्रू वाचवायला कापलं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

एकोणिसाव्या खेपेला मी दमलो होतो. संत्रं संपलं, हनुवटीवरून रस ओघळत होता, मी वैतागून कुठेतरी भलतीकडेच बघत होतो. गणपत त्या वेळी कॅमेरा थांबवायला विसरला असावा. कारण तेवढ्यात डावीकडून बाई आत आली. तीच टोपी. खिशातून रुमाल काढला आणि माझी हनुवटी पुसली. लहान पोराचं तोंड पुसतात तशी, दोनदा. माझी टोपी नीट बसवली. एक पाऊल मागे सरून माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मग तिला मशीन चालू असल्याचं दिसलं. सरळ आमच्याकडे बघून ती हसली, हाताने 'पुरे, पुरे' केलं आणि जशी आली तशी चालत निघून गेली. मेली नाही, पडली नाही. कुणी तिला पुन्हा यायला सांगितलं नाही.

फीत संपली. चादरीवर नुसता पांढरा उजेड राहिला. गणपत मशीन बंद करायला उठला.

मी म्हटलं, "थांब. अजून एक डाव, गा."