स्मारकाशेजारची मोकळी जागा

खामगावहून सहलीची बस सुटली तेव्हाच स्नेहलताबाईंनी जाहीर केलं, "मला बेटावर शंखशिंपले घ्यायचे नाहीत, उंटावर बसायचं नाही. मला फक्त एक फोटो काढायचा आहे. दोन मिनिटांचं काम!"

आणि त्यात खोटं काय होतं? उभं आयुष्य ज्यांनी शाळेतल्या वांड पोरांना ओळीत बसवून वर्गाचे फोटो काढवले, त्यांना एकटीचा फोटो म्हणजे कितीसं काम!

फोटोची गोष्ट अशी. त्यांचे यजमान शरच्चंद्रराव तरुणपणी ऑफिसच्या मंडळींबरोबर या बेटावर गेले होते. बेटाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर, अगदी लाटांजवळ, एक लहानसं स्मारक आहे. वादळात समुद्रावरून परत न आलेल्या कोळ्यांचं. छातीएवढा पांढरा दगड आणि वर लोखंडाची होडी. शरच्चंद्ररावांनी मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा त्या दगडावर हात ठेवून फोटो काढला. पण दगडाच्या एकाच बाजूला उभं राहून. दुसरी बाजू मोकळी.

"ती तुझी जागा, लता. पुढच्या वर्षी जाऊ," ते म्हणायचे.

"आत्ता मी कामात आहे," बाई म्हणायच्या.

कधी पेपर तपासायचे असत, कधी वर्षाचे गहू आलेले असत, कधी कुरड्यांचा चीक चुलीवर रटरटत असे. एकदा तर ते तिकिटं काढायला चपला घालून उभे होते आणि बाई माळ्यावर चढून पितळेची भांडी उतरवत होत्या. "समुद्र काय पळून जातोय?" त्या वरूनच ओरडल्या. समुद्र नाहीच पळाला. शरच्चंद्रराव गेले, गेल्या पौषात.

म्हणून ही सहल. पर्समध्ये तो जुना फोटो, बरोबर नात आरोही आणि तिचा मोबाइल, आणि शेजारच्या आशाबाई. मूळच्या जानेफळच्या आशाबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. नदी ओलांडताना बसच्या खिडकीतून हात जोडायला त्या कधी चुकत नसत. मग समुद्र तर सगळ्या नद्यांचं सासर! त्याच्यासाठी त्यांनी घरून नारळ, हळदीकुंकू, साखर असा सगळा सरंजाम आणला होता.

बस बेटावर स्मारकापाशी थांबली. बाई उतरल्या, पदर सारखा केला आणि जुना फोटो डोळ्यांसमोर धरून मोकळी जागा शोधू लागल्या. तेवढ्यात मागून फाडकन आवाज आला.

आशाबाईंनी स्मारकाच्या पायरीवर नारळ फोडला होता!

"अहो आशाबाई! हे काय केलंत?"

"मंग कुठं फोडू बाई? सारी रेतीच रेती! नारळ फोडाले दगड पायजे न!"

"हे स्मारक आहे हो!"

"असन. पण दगडानं आपलं काम केलं, त्याले कोरडंच सोडू काय?" असं म्हणत त्यांनी दगडाला हळदीकुंकवाची बोटं ओढलीसुद्धा. वर चिमूटभर साखर.

आता आपल्याकडच्या माणसांचं सांगायला नको. बसमधली बाकीची मंडळी उतरली, त्यांनी कुंकू पाहिलं आणि पटापट चपला काढल्या. धामणगाव बढ्याच्या जनकाबाईंनी जवळ येऊन विचारलं, "काऊन वं आशा, नवसाले पावते काय हा?"

'मले माहीत नाही' हे वाक्य आशाबाईंना कधी जमलंच नव्हतं. "पावल्याबिगर लोक इतक्या दुरून येतेत काय?"

झालं! सहलीचे व्यवस्थापक शंकरराव शिट्टी फुंकून फुंकून लाल झाले, पण रांग मारुतीच्या शेपटीसारखी वाढतच गेली. दुसऱ्या एका बसचे प्रवासीही येऊन मागे उभे राहिले. कोणी बिस्किटं ठेवली, कोणी शेंगदाण्याचा लाडू. आरोही मोबाइल उंच धरून उड्या मारत होती, "आजी, फक्त डोकी दिसताहेत!"

बाई पुढे सरकल्या, तशा जनकाबाई कडाडल्या, "ओ बाई! मास्तरीण झाल्या म्हणून मधात घुसता काय? लाइनीत या!"

आयुष्यभर दुसऱ्यांना रांगेत उभं करणाऱ्या बाई मुकाट्याने रांगेच्या शेवटी गेल्या.

त्यांचा नंबर आला तेव्हा समोर स्मारकाचा रखवालदार उभा. तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो हळूच म्हणाला, "माँजी, ये मंदिर नहीं है. इसमें हमारे गाँव के लोगों के नाम हैं."

बाईंनी दगडाकडे पाहिलं. कोरलेल्या नावांवरून कुंकवाचे ओघळ उतरत होते. त्यांनी पर्स आरोहीकडे दिली, पदर खोचला आणि बाटलीतलं पाणी घेऊन दगड पुसायला लागल्या. रांग कुठल्या कुठे विरघळली. आशाबाई मात्र ओशाळून मदतीला धावल्या, त्याही अंगाचा साबण घेऊन!

"साबण नको! आशाबाई, हळद आहे ती!"

उशीर झाला होता. हळदीला साबण लागला आणि पिवळा दगड क्षणात लालभडक झाला. तिथे नारळ नव्हे, बोकड कापल्यासारखं दिसू लागलं!

"अगं माय!" आशाबाई खालीच बसल्या.

शेवटी बस लागते म्हणून आणलेली लिंबं कामी आली. बाईंनी ती चोळली, पाणी ओतलं, रुमालाने पुसलं, पुन्हा चोळलं. एकेक नाव बोटाने साफ केलं. हवेत काहीतरी हाकाटी चालली होती, लाटा होत्या, शिट्टी होती. दगड पांढरा झाला आणि शंकररावांनी दंडाला धरून बाईंना बसमध्ये चढवलं. "बाई, पूल ओलांडायचा आहे! अंधार पडेल!"

बस निघाली. स्मारक खिडकीतून मागे मागे गेलं.

"फोटो राहिलाच," बाई पुटपुटल्या.

"एक आलाय," आरोही म्हणाली. तिने मोबाइल पुढे केला.

बाईंनी जुना फोटो काढून त्याच्या शेजारी धरला. इकडे शरच्चंद्रराव दगडावर हात ठेवून हसत होते. तिकडे बरोबर त्या मोकळ्या जागेत बाई होत्या, पण नुसती पाठ! पदर खोचलेला, अंबाडा सुटलेला, हातात लिंबाची फोड. चेहरा नावालाही नाही.

"सयपाकघरात असता तश्याच दिसून राह्यल्या, बाई," आशाबाई हळूच म्हणाल्या.

"मला हाक तरी मारायचीस गं!"

"मारली ना आजी, दोनदा मारली. म्हटलं, 'इकडे बघ, आजोबांसारखी हस.'"

"मग?"

आरोही जरा घुटमळली. "तू म्हणालीस, आत्ता मी कामात आहे."